उंदराला कंपवात होत नाही

उंदराला कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, होत नाही. तो त्याला द्यावा लागतो. प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदराला एमपीटीपी नावाचं विषारी रसायन टोचतात, किंवा त्याच्या मेंदूत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे आधीच तयार केलेले धागे सोडतात. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मात्रा, हे सगळं वहीत टिपलेलं असतं. पुढे काही दिवसांनी किंवा महिन्यांनी त्याच उंदराला भूल देऊन एमआरआय किंवा पेट (किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचं चित्र काढणाऱ्या) यंत्रात ठेवतात. चालीत फरक पडण्याआधीच स्कॅनमध्ये फरक दिसला, असा निबंध छापून येतो. मग आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतं: ‘कंपवाताचं निदान आता कितीतरी आधी!’

त्यातला ‘आधी’ हा शब्द मला खटकतो. विष कधी दिलं हे ठाऊक असताना स्कॅन लवकर काढणं म्हणजे ‘लवकर निदान’ नव्हे. तारीख माहीत असलेल्या परीक्षेला तारखेआधी बसण्यासारखं ते आहे. माणसाचा कंपवात कुठल्या वर्षी सुरू झाला, हे कुणालाच सांगता येत नाही. अडचण आहे ती तिथे.

तरीही हे प्रयोग बंद करा, असं मी म्हणणार नाही. उलट ते व्हावेत आणि अधिक नेकीने व्हावेत, असं माझं मत आहे. फक्त त्यांना आपण जो प्रश्न विचारतो तो चुकतो. प्राण्यातला स्कॅन रोग शोधायला फारसा उपयोगाचा नाही. तो उपयोगाचा आहे स्कॅनचीच परीक्षा घ्यायला.

लवकर निदानाची घाई कशासाठी, ते आधी बघू. कंपवातात मेंदूच्या मध्यभागातल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हाताला कंप सुटतो, अक्षर बारीक होत जातं, शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात, तोवर या पेशींपैकी साधारण निम्म्या गेलेल्या असतात आणि त्यांचे शेंडे जिथे पोचतात त्या स्ट्रायटममधलं डोपामिन त्याहूनही जास्त आटलेलं असतं. त्याआधीची कित्येक वर्षं रोग गुपचूप चालू असतो. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडतं, झोपेत माणूस स्वप्नातल्या हाणामाऱ्या खऱ्या हातापायांनी करू लागतो. या शेवटच्या झोपविकाराच्या १२८० रुग्णांचा पाठपुरावा २४ केंद्रांनी मिळून केला. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले, ते असे की बारा वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना कंपवात किंवा त्याच्या जवळचा मेंदूविकार जडतो. म्हणजे रोगाला पकडायला वेळ आहे. पकडून करायचं काय, हा पुढचा प्रश्न. आज हाती असलेलं कुठलंही औषध पेशींचं मरण थांबवत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. लेव्होडोपा लक्षणं दाबतं, आणि ते काम फार छान करतं, पण तेवढंच. रोग थोपवणारं औषध शोधायचं तर ते पेशी शिल्लक असतानाच्या माणसांवर तपासावं लागणार, आणि अशी माणसं निवडायला व औषध लागू पडतंय का ते मोजायला काहीतरी माप हवं. स्कॅनकडे सगळे डोळे लावून बसलेत ते यासाठी.

प्राण्यांचं ऋण मी नाकारत नाही. ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल आणि त्यातला एक धागा तर थेट मुंबईतून जातो. सर्पगंधा आपल्या वैद्यांच्या परिचयाची. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग डोपा (मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य) टोचलं, आणि काही मिनिटांत ते उठून हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे कळण्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आणखी एक गंमत अशी की रिसर्पिन ज्या प्रथिनाला कुलूप घालतं, त्या व्हीमॅट-२ ला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य वापरून आज कंपवाताचा एक पेट स्कॅन काढला जातो. सर्पगंधेच्या मुळीपासून पेटच्या यंत्रापर्यंतची वाट अशी एकाच प्रथिनावरून जाते.

एमपीटीपीची कथा जास्त भीषण आहे. १९८२ साली उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक लाकडासारखे ताठरून दवाखान्यात आले. घरगुती भट्टीत बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपीची भेसळ होती. विल्यम लँगस्टन यांनी हा दुवा शोधला. पुढे माकडांत याच विषाने कंपवात निर्माण करता आला. १९९० साली अशाच माकडांच्या मेंदूतल्या सबथॅलॅमिक केंद्रक हा छोटा भाग निकामी केल्यावर ती सुटी होऊन हालचाल करू लागली. त्या केंद्रकात तार बसवून विद्युतस्पंद देण्याची शस्त्रक्रिया, जिला आज आपल्याकडेही डीबीएस म्हणून ओळखतात, तिचा एक मोठा आधार ही माकडं आहेत.

लवकर निदानाच्या स्कॅनची पहिली खरी चाहूलही याच दुर्घटनेतून लागली. एमपीटीपी शरीरात गेलं पण लक्षणं दिसत नाहीत, अशा काही माणसांचा फ्लुओरोडोपा (डोपाचं किरणोत्सारी रूप) वापरून पेट स्कॅन करण्यात आला आणि डोपामिनच्या शेंड्यांची झीज दिसली. हे १९८५ चं. मात्र इथेही विष कधी गेलं, हे ठाऊक होतं. ही माणसं त्या अर्थाने उंदरांच्याच रांगेत होती.

आता दुसरी बाजू. तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बातम्यांमध्ये ती कधी येत नाही.

जीडीएनएफ नावाचं एक प्रथिन आहे, डोपामिनच्या पेशींना जगवणारं. उंदीर-घुशींत त्याने कमाल केली, माकडांत कमाल केली. ब्रिस्टलमध्ये पाच रुग्णांच्या मेंदूत नळीने ते सोडलं गेलं. ते सुधारल्याचं २००३ साली जाहीर झालं. पुढच्या ३४ रुग्णांच्या चाचणीत अर्ध्या जणांना औषध आणि अर्ध्यांना नुसतं द्रावण दिलं, तेव्हा औषधवाल्यांची प्रकृती दुसऱ्या गटाहून बरी निघाली नाही. स्कॅन मात्र सुधारला होता! २०१९ साली ब्रिस्टलच्या नव्या चाचणीचे निकाल आले. तिथेही पेट स्कॅनमध्ये फ्लुओरोडोपाचं शोषण ठळकपणे वाढलेलं, आणि रुग्ण, ठरवलेल्या मोजमापावर, दुसऱ्या गटापेक्षा खात्रीने वरचढ नाहीत. उंदीर हो म्हणाला, माकड हो म्हणालं, यंत्र हो म्हणालं. माणूस नाही म्हणाला. मी हा प्रसंग अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला त्या रुग्णांचं वाटतं. मेंदूत नळ्या बसवून घेऊन महिनोन् महिने ती माणसं ये-जा करत होती.

याच्या बरोब्बर उलटा प्रकारही घडला. २००४ च्या एल्डोपा चाचणीत ३६१ रुग्ण होते, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले. लेव्होडोपा घेणाऱ्यांची प्रकृती, औषध दोन आठवडे थांबवल्यावरही, न घेणाऱ्यांपेक्षा बरी होती. डोपामिन पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचा, म्हणजे ट्रान्सपोर्टरचा, स्पेक्ट स्कॅन (पेटसारखाच किरणोत्सारी द्रव्याचा) मात्र सांगत होता की औषध घेणाऱ्यांत घसरण जास्त झाली! औषध विषारी आहे, की औषधामुळे स्कॅनचा काटाच सरकतो, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. वादाचं मूळ साधं होतं. काटा नेमकं काय मोजतो, हे चाचणी सुरू होण्याआधी कुणी पुरतं तपासलंच नव्हतं.

आणि आता अलीकडचं. अल्फा-सिन्युक्लिनला पकडणाऱ्या दोन अँटिबॉडी, प्रासिनेझुमॅब आणि सिनपानेमॅब. उंदरांत दोन्हींनी आशा दाखवली होती. २०२२ साली एकाच महिन्यात दोन्हींचे माणसांतले निकाल आले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत कोणत्याही अँटिबॉडीला चाचणीचं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही, आणि ट्रान्सपोर्टर स्कॅनमध्येही औषध न घेतलेल्या गटाहून फरक दिसला नाही.

इथे प्राणिप्रयोगविरोधी मंडळी म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरात कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. आपल्याकडेही २०२३ साली नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवरच्या आणि चिपवरच्या (चिपवर वाढवलेल्या मानवी पेशींच्या) चाचण्यांना जागा दिली गेली. विषबाधेच्या अनेक तपासण्यांसाठी ते ठीकच आहे. पण चिपला मेंदूचा पेट स्कॅन काढता येत नाही. आणि माणसाचा स्कॅन काढल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येत नाहीत. माणसाचा मेंदू शवचिकित्सेला येतो तो स्कॅननंतर दहा-पंधरा वर्षांनी, तेव्हा मधल्या काळातलं सगळं मिसळून गेलेलं असतं. सकाळी स्कॅन आणि संध्याकाळी पेशींची मोजणी, हे फक्त प्राण्यात शक्य आहे. हे कठोर आहे, पण खरं आहे. आणि या एका कारणासाठी मी या प्रयोगांच्या बाजूने उभा आहे.

असा एक प्रयोग झाला आहे. माझ्या मते या विषयातल्या ढीगभर निबंधांपेक्षा तो मोलाचा आहे, आणि व्हॉट्सॲपवर तो कधीच फिरला नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने माकडांच्या मानेतल्या एका बाजूच्या धमनीतून वेगवेगळ्या मात्रेत एमपीटीपी दिलं, म्हणजे मेंदूची एक बाजू बाधित आणि दुसरी तुलनेला. मग तीन तऱ्हेचे पेट स्कॅन काढले आणि नंतर नायग्रातल्या पेशी एकेक करून मोजल्या. २०१३ साली छापून आलेला निष्कर्ष असा: स्ट्रायटमचा स्कॅन, म्हणजे जगभर सगळे बघतात तो, पेशींच्या संख्येशी जुळतो ते साधारण निम्म्या पेशी मरेपर्यंतच. त्यापुढे पेशी कितीही मरोत, स्कॅनचा आकडा तळाला टेकलेला. माकडाची चाल मात्र बिघडतच जाते, कारण ती पेशींच्या संख्येबरोबर बिघडते. उलट, स्कॅनमध्ये मध्यमेंदूकडे, पेशी जिथे राहतात त्या भागाकडे पाहिलं, तर व्हीमॅट-२ आणि ट्रान्सपोर्टर हे दोन्ही पेशींच्या संख्येशी शेवटपर्यंत जुळतात.

कंप सुटतो तेव्हा पेशी साधारण निम्म्या गेलेल्या असतात, असं वर म्हटलं. म्हणजे रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हाच नेहमीचा काटा अडकलेला असण्याचा धोका आहे. त्या काट्यावर आपण औषधांचे निकाल लावत आलो. माणसावर कितीही स्कॅन काढले असते तरी हे कळलं नसतं. ते माकडांनी सांगितलं. ‘कंपवात लवकर सापडला’ हे त्यांनी सांगितलंच नाही. ‘तुमची फूटपट्टी निम्म्यावर तुटलेली आहे’ हे सांगितलं.

हा फरक निधी देणाऱ्या समित्यांना आणि निबंध लिहिणाऱ्यांना कळला पाहिजे. कारण बहुतेक काम याच्या उलट चालतं. आठ-दहा आठवड्यांचे तरुण नर उंदीर घ्यायचे (कंपवात होतो तो बहुधा साठीच्या आसपास), चार-पाच दिवसांत विषाचा मारा करायचा (माणसात हे दशकभर चालतं), एक महागडं एमआरआय तंत्र लावायचं, बाधित आणि निरोगी गटांच्या सरासरीत फरक दाखवायचा आणि ‘संभाव्य बायोमार्कर’ म्हणून मोकळं व्हायचं. त्यात भूल. आयसोफ्लुरेनखाली मेंदूतली डोपामिनची यंत्रणा जागेपणीसारखी वागत नाही. त्यात आकार. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि पेट यंत्राची नजर सुमारे एक मिलिमीटरची. उंदराच्या नायग्राकडे या यंत्रातून पाहणं म्हणजे धुक्यातून तीळ मोजणं. शिवाय संशोधन-प्रयोगशाळेतल्या एमआरआयचं चुंबक सात किंवा ९.४ टेस्ला ताकदीचं, तर तुमच्या-आमच्या शहरातल्या सेंटरमध्ये दीड किंवा तीनचं.

सगळ्यात बोलकं उदाहरण रंगाचं. सबस्टॅन्शिया नायग्रा या नावाचा अर्थच ‘काळा पदार्थ’. माणसाच्या या पेशींत वयानुसार न्यूरोमेलॅनिन नावाचं काळं द्रव्य साठतं आणि २००६ पासून ते एमआरआयमध्ये पाहता येऊ लागलं. इंजेक्शन नाही, किरणोत्सार नाही, त्यामुळे ही खूण लवकर निदानासाठी फार आश्वासक मानली जाते. पण उंदराच्या मेंदूतला ‘काळा पदार्थ’ काळा नसतोच! त्याच्यात न्यूरोमेलॅनिन साठत नाही. बार्सिलोनातल्या शास्त्रज्ञांना २०१९ साली घुशींच्या नायग्रात माणसाच्या टायरोसिनेजचं जनुक घालून ते मुद्दाम तयार करावं लागलं. त्यातून निघालं असं की द्रव्य एका मर्यादेपलीकडे साठलं की पेशी आपोआप आजारतात. म्हणजे ज्या काळेपणाकडे आपण फक्त खूण म्हणून पाहत होतो, तो रोगाचा भागीदारही असू शकतो. असा प्रयोग मला पटतो. प्राण्यात काय नाही हे आधी कबूल करून मग तो उभा केलेला आहे.

कुणी विचारेल, आता स्कॅनची गरजच काय? २०२३ साली कण्यातल्या पाण्यावरची अल्फा-सिन्युक्लिनची बीजवृद्धी चाचणी (बिघडलेल्या प्रथिनाचे सूक्ष्म कण वाढवून शोधणारी) हजाराहून अधिक जणांवर तपासली गेली आणि कंपवाताच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ती होकारार्थी आली. पुढच्याच वर्षी रोगाची व्याख्या लक्षणांऐवजी अशा जैविक खुणांवर करावी, असे दोन प्रस्तावही मांडले गेले. मोठी झेप आहे ही. पण ती चाचणी मुख्यतः हो किंवा नाही एवढंच सांगते. किती पेशी उरल्या आणि औषधाने किती वाचल्या, ते तिच्यावरून मोजता येत नाही. मोजायला चित्रच लागेल, आणि ते चित्र खरं बोलतं की नाही हे कुणीतरी आधी पडताळावं लागेल.

म्हणून माझी मागणी अशी, आणि ती सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्राणिप्रयोगाबद्दल आहे. ज्या प्राण्याचा स्कॅन काढला त्याच प्राण्याच्या पेशी मोजा, आणि मोजणाऱ्याला स्कॅन दाखवू नका. झीज थोडी, मध्यम, खूप अशा पायऱ्यांवर न्या, म्हणजे काटा कुठे अडकतो ते कळेल. म्हातारे उंदीर घ्या, माद्या घ्या. प्रथिनाचे धागे सोडलेल्या उंदरात झीज महिन्यांनी होते. तोच उंदीर दर महिन्याला यंत्रात ठेवा, म्हणजे दर टप्प्याला नवे उंदीर मारावे लागणार नाहीत. आणि खूण फसली तर तेही छापा. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीची परवानगी लागते. तिथे किती प्राणी, किती वेदना हे विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. त्याच टेबलावर आणखी एक प्रश्न यावा: हा प्रयोग फसला तर आम्हाला काय कळेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ते उंदीर फुकट गेले.

हा वाद प्रयोगशाळेपुरता राहत नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींच्या १९८८ सालच्या प्रसिद्ध पाहणीत लाखामागे ३२८ जणांना कंपवात आढळला होता. वयस्क समाज होता तो. उरलेला महाराष्ट्रही आता त्याच दिशेने म्हातारा होतो आहे. आपल्याकडे ट्रोडॅट हा ट्रान्सपोर्टर स्कॅन मोठ्या शहरांत मिळतो. कंप साधा आहे की कंपवाताचा, किंवा ताठरपणा एखाद्या मानसिक आजारावरच्या गोळीने आला आहे का, असा पेच पडला की त्याचा खरा उपयोग होतो. कंपवात आणि त्याच्यासारखे दिसणारे इतर विकार यांतला फरक मात्र तो नीट सांगत नाही. आणि निरोगी माणसाला भविष्य सांगायला तर तो बनवलेलाच नाही.

माझ्या एका मित्राच्या वडिलांना कंपवात आहे. मित्र सत्तेचाळीसचा. उंदरांची ती बातमी वाचून त्याने मला फोन केला, मीही स्कॅन करून घेऊ का? मी विचारलं, वास येतो? येतो. झोपेत लाथा मारतोस? बायको म्हणते घोरतो फक्त. मग स्कॅनमध्ये समजा थोडी कमतरता निघाली, तर उद्यापासून काय वेगळं करशील? तो बराच वेळ गप्प राहिला. म्हणाला, व्यायाम सुरू करीन. मी म्हटलं, तो तर स्कॅनशिवायही करता येईल.

गेल्या महिन्यापासून तो पहाटे टेकडीवर जातो. वडिलांनाही नेतो, पायथ्यापर्यंत.